डाव्या बाजूचा आवाज

श्रीकृष्ण टेंबेच्या कानांबद्दल कारखान्यात गोष्टी सांगितल्या जात. बडोद्याबाहेर छाणीच्या पुढे असलेल्या त्या रसायन कारखान्यात एकशे चाळीस पंप होते आणि अकरा कंप्रेसर. त्यातल्या कुठल्याही एकाला तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवी, मूठ कानामागच्या हाडावर दाबी, डोळे मिटी आणि सांगे, "बाहेरचं बेअरिंग. तीन आठवडे. फार तर चार." तीन आठवड्यांनी बेअरिंग उघडलं की कड्यावर नखाएवढा खड्डा सापडायचाच. कंपनीने कंपनं मोजायचं यंत्र परदेशातून मागवलं, तेव्हा ते बसवायला आलेला इंजिनिअर आठ दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, की हे यंत्र टेंबे रजेवर असतील त्या दिवसांसाठी ठेवा.

म्हणूनच शहाण्णवच्या फेब्रुवारीत, कारेलीबागेतली सगळी सोसायटी नव्या गाड्यांची चकचकीत पत्रकं चाळत असताना, श्रीकृष्णने बावीस वर्षांची फियाट घरी आणली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. बारावीला असलेली त्याची मुलगी मोहना तेवढी म्हणाली, "बाबा, ही तर आजोबांची गाडी वाटते."

"ही बोलते तरी," तो म्हणाला. "नव्या गाड्या मुक्या असतात."

गाडी फतेगंजमधल्या प्रतापसिंहरावांची. ते राज्याच्या बागखात्यातले जुने अधिकारी, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांची विधवा सून पद्मा त्यांना सांभाळायची. तिनेच किल्ली हातात दिली होती. म्हातारे व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, श्रीकृष्णकडेही नाही. "आबासाहेबांना आता काही आठवत नाही," पद्मा म्हणाली होती. "वर्ष झालं, शब्द नाही तोंडात. स्वतःचं नावसुद्धा नाही."

तिसऱ्या आठवड्यात आवाज सुरू झाला.

टक्. मग थोडं थांबून, टक्-टक्. मागे, डाव्या बाजूला, सीटच्या खाली कुठेतरी. धातूवर धातू आपटल्याचा नव्हे आणि लाकडाचाही नव्हे. बोटाचं पेर टेबलावर मारावं तसा कोरडा, हलका आवाज. श्रीकृष्णला आधी मौजच वाटली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश गेले असतील, असं म्हणून त्याने कारखान्यात पोचेपर्यंत कान लावला. पण गंमत अशी, की गाडी वेगात असो की हळू, आवाजाची लय बदलत नव्हती. खड्ड्यात तो वाढत नव्हता. छाणीच्या उतारावर त्याने इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळू दिली, तरी तो येतच राहिला. टक्. टक्-टक्-टक्. टक्. जे फिरतं त्याचा आवाज फिरण्याच्या हिशेबाने येतो, जे सैल असतं त्याचा धक्क्याच्या हिशेबाने. हा कुठल्याच हिशेबात बसत नव्हता.

निजामपुऱ्यात विश्रामचं गॅरेज होतं. विश्राम मूळचा चिपळूणकडचा, तीस वर्षं बडोद्यात. आंब्याच्या मोसमात गावी जायचा तेवढाच. त्याने गाडी रॅम्पवर चढवली आणि दोन दिवसांत मागचे पाटे, बुश, शॉकअब्सॉर्बर, सायलेन्सरचे हुक, सगळं तपासलं. मग तो श्रीकृष्णच्या शेजारी बसून चक्कर मारायला निघाला. आवाज नाही. निजामपुऱ्यातून फतेगंज, तिथून काळा घोडा, परत. आवाज नाही. विश्राम उतरला, श्रीकृष्ण एकटाच पुढे निघाला, आणि शंभर पावलांवर, टक्.

"साहेब, तुमच्या गाडीला लाज वाटते परक्या माणसाची," विश्राम हसून म्हणाला. "चालशे. बघू."

पण ते चाललं नाही. त्याची बायको कांचन बरोबर असली की आवाज नसे. शाळेत शिकवायला जाताना ती काळा घोड्यापाशी उतरली की पुढे सुरू. मोहना असली की नसे. श्रीकृष्णने मागच्या सीटवर गव्हाचं पोतं ठेवून पाहिलं, वजनाचा काही संबंध आहे का म्हणून. पोतं असतानाही आवाज आला. सीट काढली, खालचा पत्रा ठोकून पाहिला, डिकीतला जॅक काढला, डाव्या दाराची काच उतरवून आतल्या पट्ट्या नव्या बसवल्या. विश्रामने सगळं निमूटपणे केलं, पण आता तो श्रीकृष्णकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होता. ज्या आजाराची लक्षणं वैद्यासमोर येत नाहीत, त्या आजाऱ्याकडे बघावं तशी.

ती नजर श्रीकृष्णला झोंबली. उभ्या आयुष्यात त्याच्या कानांवर कुणी शंका घेतली नव्हती.

उपाय मोहनाने सुचवला. "माझा टेपरेकॉर्डर न्या ना. मागच्या सीटवर ठेवा. मग विश्राममामांना ऐकवा."

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी त्याने तिचा टेपरेकॉर्डर मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात टॉवेलवर ठेवला, बटण दाबलं आणि कारखान्यात गेला. आवाज आला, नेहमीपेक्षा जास्तच. त्याला समाधान वाटलं. संध्याकाळी तो थेट विश्रामच्या गॅरेजात शिरला, टेपरेकॉर्डर बोनेटवर ठेवला आणि कॅसेट लावली.

इंजिनाची घरघर. हॉर्न. मग स्पष्ट, टक्. टक्-टक्.

"ऐक," श्रीकृष्ण म्हणाला.

विश्रामने मान पुढे केली. आणि कॅसेटमध्ये एक माणूस बोलला.

"हो हो," तो म्हणाला. "लहानच होतं स्टेशन. दोन फलाट."

टक्.

"आप्पा. आम्ही आप्पा म्हणायचो."

टक्-टक्-टक्.

"ते मला टोकन धरू द्यायचे, गाडीला पुढे जायच्या परवानगीचं. मोठं कडं असायचं, वेताचं, त्याला चामड्याची पिशवी. मी गळ्यात घालून फलाटावर पळायचो. गाडीचा ड्रायव्हर वाकून उचलायचा ते... हो, चालत्या गाडीतून. थांबायची नाही ती."

आवाज श्रीकृष्णचा होता. मोकळा, खुशीतला, मागे बसलेल्या ओळखीच्या माणसाशी मान किंचित वळवून बोलावं, तसा. प्रत्येक टकटकीनंतर तो क्षणभर थांबे, प्रश्न समजून घेतल्यासारखा, आणि उत्तर देई. कॅसेटची एक बाजू संपून बटण खटकन वर येईपर्यंत तो बोलत होता.

विश्राम फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"कोण होतं साहेब गाडीत?"

"कुणी नव्हतं."

"मग तुम्ही बोलत होता कुणाशी?"

गाडीत आपण तोंड उघडलं होतं याची त्याला अंधुकशीही आठवण नव्हती. पण खरी भीती त्याला वेगळ्याच गोष्टीने घातली, आणि ती त्याने विश्रामला सांगितली नाही. कॅसेटमधला माणूस ज्या स्टेशनाबद्दल बोलत होता, ते त्याला माहीत नव्हतं.

वडील रेल्वेत होते हे त्याला ठाऊक होतं, शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं तसं. पण दोन फलाट, वेताचं कडं, चामड्याची पिशवी? त्याने मनात सगळीकडे हात फिरवून पाहिला. तिथे काही नव्हतं. रिकामी जागाही वाटत नव्हती; भिंत होती, सपाट, कधीपासूनची असावी तशी.

घरी त्याने कांचनला कॅसेट ऐकवली. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता हसली. "भिलवडीचं स्टेशन. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पहिलं हेच सांगितलं होतंत मला. मोहनाला तर शंभरदा सांगून झालंय. गाडीत एकटेच बडबडता होय?"

मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले.

डॉक्टर झाले. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, घड्याळ काढायला लावलं, डोक्याचे फोटो काढले. सगळं स्वच्छ. एकशे चाळीस पंपांचे नंबर तो उलट्या क्रमाने म्हणू शकत होता. "कामाचा ताण," डॉक्टर म्हणाले. "थोडी विश्रांती घ्या."

पण श्रीकृष्ण यंत्राचा माणूस होता. बिघाड सापडेपर्यंत त्याला चैन पडेना. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा रेकॉर्डर ठेवला. या वेळी जीभ दातांत धरून गाडी चालवली, आणि कारखान्याच्या फाटकाशी उतरताना त्याची खात्री होती की आपण एक शब्द बोललो नाही. जिभेवर दातांचे वण होते.

कॅसेटमध्ये तो तीस मिनिटं बोलत होता. सुरत स्टेशन. प्रचंड पाऊस, गाड्या अडकलेल्या. हिरव्या छत्रीची एक मुलगी बाकावर बसून डब्यातला दहीभात खात होती आणि तिने चमचा पुसून त्याच्यापुढे केला होता. "नाही, नाव नाही विचारलं तेव्हा," कॅसेटमधला श्रीकृष्ण हसत म्हणाला. टक्-टक्. "चार महिन्यांनी. स्थळ सांगून आलं, आणि दार उघडलं तर तीच."

कांचन शेजारी बसून ऐकत होती. तिने मधेच बटण दाबून रेकॉर्डर बंद केला.

"आपण पहिल्यांदा कुठे भेटलो?" तिने विचारलं.

"सुरतेला," तो म्हणाला. "आत्ताच ऐकलं की."

"ऐकायच्या आधी विचारलं असतं तर?"

त्याचं बोट पुन्हा रेकॉर्डरच्या बटणाकडे गेलं. कांचनने रेकॉर्डर उचलून आत नेऊन ठेवला. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "ती गाडी काढून टाका," ती म्हणाली. एवढंच.

काढायच्या आधी एकदा जुन्या मालकांना आवाजाबद्दल विचारावं, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी सकाळी फतेगंजला गेला. रिक्षाने गेला.

पद्मा फाटकातच भेटली आणि त्याला पाहून तिचा चेहरा उजळला. "या, या टेंबेसाहेब. आमच्याकडे आनंदीआनंद आहे. आबासाहेब बोलायला लागले!"

"कधीपासून?"

"मार्च लागला आणि एकेक शब्द यायला लागला. आता तर ऐकायला माणूस पुरत नाही." ती आवाज खाली आणून म्हणाली, "एक गंमत आहे बघा. यांचा जन्म बडोद्यातला, सगळी नोकरी इथल्या बागांमधून. आणि सांगतात काय, तर रेल्वेच्या गोष्टी. डॉक्टर म्हणाले, होतं असं. काही का असेना. माणूस हसतंय, जेवतंय. मला तेवढं पुरे."

प्रतापसिंहराव त्याच वेताच्या खुर्चीत होते, पण आता ताठ बसलेले. गालांवर रंग होता. श्रीकृष्ण समोर बसला आणि म्हाताऱ्यांनी, जुनी ओळख असल्यासारखं, बोलायला सुरुवात केली. दोन फलाट. आप्पा. वेताचं कडं. त्यांनी दोन्ही हातांनी ते कडं गळ्यात घालून दाखवलं.

आणि मग त्यांनी कॅसेटवर नसलेलं सांगितलं. पावसात त्या चामड्याला कसा वास यायचा. आप्पा हिरवा बावटा दाखवायच्या आधी कसे हलकेच खाकरायचे. क्वार्टरच्या मागे शेवग्याचं झाड होतं आणि अक्का त्याच्या शेंगांनी चेटकिणीची बोटं करून त्याला भिववायची.

श्रीकृष्ण पुढे झुकून ऐकत होता. अक्का कोण, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला बहीण होती? त्याच्या लक्षात आलं, की टेपरेकॉर्डर ठेवायच्या आधी पाच-सहा आठवडे तो रोज त्या गाडीतून एकटा गेला होता, जाऊन-येऊन सत्तर मिनिटं. त्यात काय काय गेलं असेल, ते आता विचारायचं तर कुणाला? जे हरवल्याचंच माहीत नाही, ते शोधायचं कसं?

"आबासाहेब," त्याने विचारलं, "गाडीत मागून आवाज यायचा का हो कधी?"

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. डोळे प्रसन्न होते, त्यात काही लबाडी नव्हती. त्यांनी उजवा हात उचलला आणि खुर्चीच्या हातावर मधल्या बोटाचं पेर मारलं.

टक्. टक्-टक्.

श्रीकृष्णचं तोंड उघडलं. ते त्याने उघडलं नव्हतं. घशाशी एक वाक्य तयार होऊन आलं होतं, ओठांपर्यंत आलं होतं, आणि ते काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो खुर्ची मागे ढकलून उठला, तोंडावर हात दाबून पायऱ्या उतरला. मागून पद्मा म्हणत होती, "अहो, चहा तरी घ्या!"

त्यानंतर त्याने गाडीला ताडपत्री घातली आणि कारखान्याच्या बसने जायला लागला. विकायचं म्हटलं तर कुणाच्या गळ्यात बांधायची? विश्राम म्हणाला, पाऊस ओसरला की भंगारात देऊ. मे गेला, जून गेला. मोहना बारावी पास होऊन फतेगंजच्या कॉलेजात जायला लागली, मोपेडवरून. घरात हळूहळू पुन्हा बोलणं सुरू झालं. संध्याकाळी कांचन त्याला जुन्या गोष्टी सांगे, आणि तो त्या पाठ करी. अक्का लहानपणीच तापाने गेली, हे त्याला असं कळलं. त्याला वाईट वाटलं. शेजाऱ्याच्या घरचं ऐकून वाटतं तेवढं.

जूनच्या अखेरीस पद्माचा फोन आला. आबासाहेब पुन्हा गप्प झाले होते. जेवत नव्हते. दिवसभर फाटकाकडे बघत बसत आणि खुर्चीचा हात वाजवत. "तुम्ही आलात ना, त्या दिवशी फार खुलले होते," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "एकदा येऊन जाल का? तेवढंच."

"बघतो," श्रीकृष्ण म्हणाला. तो गेला नाही.

जुलैतला गुरुवार होता, त्याची साप्ताहिक सुट्टी. दुपारचे दोन. कांचन शाळेत होती. फोन वाजला, आणि पलीकडून एक मुलगी गुजरातीत भराभर बोलत होती. मोहनाची मैत्रीण. मोपेडला टेम्पोने उडवलं होतं. मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, रक्त फार गेलं होतं. "अंकल, बहु लोही गयुं छे. जल्दी आवो."

तो चप्पल न घालताच जिना उतरला. त्या दिवशी रिक्षांचा बंद होता. रस्ता मोकळा, उन्हाने पांढरा पडलेला. खालच्या मजल्यावर त्याने दार वाजवलं. कुलूप होतं. शेजारचं वाजवलं. आतून म्हातारं कुणीतरी "आवुं छुं" म्हणालं आणि काठीचा आवाज सावकाश दाराकडे येऊ लागला.

तो थांबू शकला नाही.

त्याने ताडपत्री ओढून काढली. खिशातला रुमाल काढून बोळा केला, तोंडात कोंबला, आणि गाडी सुरू केली. तीन महिने उभी असलेली गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

सोसायटीच्या फाटकाबाहेर वळण घेतलं, आणि टक्.

तो पंपांचे नंबर मनात म्हणू लागला. पी एकशे एक, पी एकशे दोन.

टक्-टक्.

पी एकशे तीन. रुमाल दातांत घट्ट होता. त्याला त्याची चव लागत होती, साबणाची.

टक्. टक्-टक्-टक्. टक्.

इतकी उतावळी टकटक त्याने कधी ऐकली नव्हती. उपाशी माणसासमोर ताट यावं तशी. विश्वामित्रीच्या पुलावर त्याने काच खाली केली, वारा कानात भरून घेतला. आवाज वाऱ्याच्या अलीकडे होता. मानेशी होता.

नको, तो मनात म्हणाला. हवं तर पंप घे. कारखाना घे. कांचन घे.

शेवटचं मनात आल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि तेवढ्यात तो एकशे अकरावर होता की बारावर, हे चुकलं.

दवाखान्याच्या आवारात त्याने गाडी उभी केली.

शांत वाटत होतं. बरंच काही बोलून झाल्यावर वाटतं तसं.

शेजारच्या सीटवर त्याचा रुमाल होता. चार पदरी घडी घातलेला, कडेला कड लावून. कोरडा.

खिडकीवरच्या बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. "पेशंटनुं नाम?"

श्रीकृष्णने दोन्ही हात लाकडावर ठेवले. आपण धावत आलो आहोत, हे त्याला कळत होतं. छाती भरून आली होती. पाय पोळले होते.

"अपघात झालाय," तो म्हणाला.

"हां, पण नाम? तमारुं कोण थाय?"

त्याने मागे वळून पाहिलं. कुणीतरी मागून सांगेल, असं त्याला वाटलं. मागे रांगेत एक म्हातारी होती, हातात औषधाची चिठ्ठी घेऊन.

अर्ध्या तासाने कांचन धापा टाकत आली, तेव्हा तो बाकावर बसला होता. त्याने सरकून तिला जागा दिली. "तुमचंही कुणी आत आहे का?" त्याने आधी विचारलं, आणि मग, "अगं कांचन, तू इथे कशी?"

मोहना वाचली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं. लोखंडी सळई घालून बसवलं. ती घरी आली तेव्हा श्रीकृष्णला सगळं समजावून सांगून झालं होतं. त्याने ते मान्य केलं. फोटो होते, जन्माचा दाखला होता, मुलीचं नाक त्याच्यासारखं होतं. तो तिच्याशी नीट वागे. वेळेवर गोळ्या देई, उशी सारखी करी, "बरं वाटतंय ना?" विचारी. त्याच्या वागण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. पाहुण्यांच्या मुलीशीही तो असाच वागला असता.

गाडी विश्रामने दोरीने ओढून नेली. स्टिअरिंगवर माणूस लागतो. त्याने एकाला बसवलं आणि बळेच दुसऱ्यालाही त्याच्या शेजारी बसवलं. भंगारवाल्याकडे तिचा खिळान् खिळा सुटा होईपर्यंत तो उभा राहिला. डाव्या बाजूला काही नव्हतं. पाटे, बुश, पत्रा, सगळं धड.

ऑगस्टमध्ये पद्माचा पुन्हा फोन आला. या वेळी कांचनने घेतला. आबासाहेब आता छान होते, जेवत होते. पण सारखे काळजीत असत. ठमीचा पाय कसा आहे, विचारत. ठमीला सळईचं दुखत असेल, रात्री कुशीवर वळता येत नसेल, असं म्हणून डोळ्यांत पाणी आणत. "ही ठमी कोण हो?" पद्माने विचारलं. "आमच्यात या नावाचं कुणी नाही. तुमच्या मुलीच्या पायाचं ऐकलं, म्हणून वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"ठमी? आबासाहेब ठमी म्हणाले?" कांचनने विचारलं. मोहना एक वर्षाची असताना घरभर ठमठम पाय वाजवत चालायची, तेव्हा श्रीकृष्णने ते नाव ठेवलं होतं. मोठी झाल्यावर ती त्यावरून रागवायची, म्हणून तो ते फक्त तिच्या कानात म्हणायचा. घराबाहेर ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिने श्रीकृष्णकडे पाहिलं. तो खिडकीत बसून पेपर वाचत होता.

कांचनने लपवलं असतं, पण मोहनाने पलंगावरून ते नाव ऐकलं होतं. "मला तिथे घेऊन चल," ती म्हणाली. कांचन नको म्हणाली, रडली, शेवटी घेऊन गेली.

म्हाताऱ्यांनी कुबड्यांचा आवाज फाटकातच ओळखला. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. गेल्या दोन वर्षांत ते आपले आपण उठले नव्हते. "ठमाबाई," ते म्हणाले, "किती हो उशीर?" आणि तिचं डोकं छातीशी धरून, ती तीन वर्षांची असताना कमाटीबागेत हरवली होती तेव्हा माकडांच्या पिंजऱ्यापाशी कशी सापडली, ते सांगू लागले. मोहना हुंदके देऊन रडली. कांचन व्हरांड्याच्या पायरीवर बसली. पद्माला काहीच कळलं नाही. ती पाणी आणायला आत गेली.

तेव्हापासून मोहना दर मंगळवारी जाते. मग शनिवारीही जाऊ लागली. दसरा झाला, कुबड्या सुटल्या, तरी जाते. कांचनने एकदा अडवून पाहिलं. "तिथे कुणीतरी माझी वाट बघतं, आई," मोहना म्हणाली.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी ती फतेगंजहून परत आली. दोन्ही हातांत पणत्यांची खोकी होती. दार आतून लावलेलं होतं. तिने कोपराने बेल वाजवली आणि बाहेरूनच हाक मारली, "काका, जरा कडी काढता का?"

स्वयंपाकघरात कांचनच्या हातातली पळी खाली पडली.

श्रीकृष्णने पेपर बाजूला ठेवला, उठून कडी काढली आणि मुलीला आत यायला वाट दिली. "सावकाश हं," तो म्हणाला. "आई आत आहे तुझी."